तोंडातलं इंग्रजी, पेपरातलं इंग्रजी

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साठतात, तसे इंग्रजीच्या शिक्षकाकडे किस्से साठतात. दोघांचंही काम कापायचं. लाल पेनाने कापून कापून हात दुखायला लागतो, पण कापलेलं टाकवत मात्र नाही. २०१४ ते २०१९ मी तलासरीजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. राहायला डहाणूत. सकाळी चारोटीला गाडी बदलायची आणि हायवेने शाळा गाठायची. मुलं आसपासच्या पाड्यांवरची, बरीचशी शाळेच्या वसतिगृहात राहणारी. घरी वारली, बाजारात गुजराती, वर्गात मराठी, आणि या सगळ्याच्या वर माझं इंग्रजी.

*

पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात पाचवीतल्या मनीषाला विचारलं, "व्हॉट डझ युवर फादर डू?"

"माय फादर इज गोइंग बोट."

आमच्याकडचे बरेच बाप्ये गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि पावसाच्या तोंडावर घरी परततात. मी वाक्य दुरुस्त केलं, "माय फादर वर्क्स ऑन अ बोट." तिने ते शहाण्या मुलीसारखं म्हणून दाखवलं. मग हळूच मराठीत म्हणाली, "मॅडम, वर्क्स म्हणजे रोज ना? येऊन-जाऊन?"

"हो."

"तो येऊन-जाऊन नाय. गेलाय तो अजून पाण्यातच आहे. गोइंगच आहे."

मी पुढच्या बाकाकडे वळले.

*

आमच्या मुख्याध्यापकांनी एकदा ठरवलं, दर गुरुवारी शाळेत फक्त इंग्रजी बोलायचं. पहिल्या गुरुवारी शाळा इतकी शांत होती, की बाहेरून कुणी आलं असतं तर सुट्टी आहे समजून परत गेलं असतं. सर खूश. "बघा मॅडम, काय शिस्त आलीय."

दुपारी सातवीतली एक मुलगी धापा टाकत ऑफिसच्या दारात उभी राहिली. वार लक्षात होता बिचारीच्या.

"सर, किचन... वन लाँग... लाँग..."

"लाँग व्हॉट?" सरांनी चष्मा वर केला.

"लाँग अॅनिमल, सर. नो लेग."

सर 'नो लेग्ज' म्हणायला तोंड उघडतायत, तोवर आमचे विज्ञानाचे चौधरी सर काठी घेऊन स्वयंपाकघराकडे धावले होते. सरपणात भलामोठा साप होता. त्यांनी तो मारला नाही, काठीने मागच्या झाडीत सोडून आले.

मुख्याध्यापकांनी नंतर मुलीला विचारलं, "स्नेक येत नाही तुला?"

"येतं, सर. पण स्पेलिंग येत नाय."

पुढच्या गुरुवारी नोटीस बोर्डावर नियमाखाली एक ओळ वाढली होती : साप दिसल्यास कुठलीही भाषा चालेल.

*

चौधरी सर स्वतः पूर्वेकडच्या डोंगरातले. घरी अजून भात आणि नागली पिकते. स्टाफरूममध्ये एकदा वाद रंगला. आम्ही डहाणूकडचे 'कॉलेज' म्हणतो, गुजरातेतल्या उंबरगावकडून येणाऱ्या बाई 'कोलेज' म्हणायच्या. मुलांनी काय म्हणावं? दोन्ही बाजूंनी बराच आवाज चढला. चौधरी सर डबा पुसत होते.

"आधी पोरं तिथवर पोचू देत," ते म्हणाले. "मग गेटवर काय लिहिलंय ते बघून म्हणतील."

*

२०१७ मध्ये आमच्याकडे एक खराखुरा इंग्रज आला. नाव केन. उत्तर इंग्लंडात आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेला, एका संस्थेच्या स्वयंसेवकांबरोबर आमच्या वसतिगृहाची पाण्याची टाकी दुरुस्त करायला आलेला. प्रार्थनेनंतर तो बोलायला उभा राहिला. मुलं कान टवकारून बसली. तो भरभरून बोलला, हसला, डोळे पुसले.

मुख्याध्यापक माझ्याकडे झुकले. "मॅडम, काय म्हणाले?"

मी एमए इंग्लिश. "आनंद झालाय म्हणतात, सर," मी म्हणाले. तेवढं तर तोंडावरून कळतच होतं.

पुढच्या तासाला तो माझ्या वर्गात आला. फळ्यावर मी नुकतंच 'देम बुक्स' कापून 'दोज बुक्स' लिहिलेलं. केनने टेबलाकडे हात केला आणि मनीषाला म्हणाला, "पास मी देम बुक्स, लव्ह." 'लव्ह' म्हणजे त्यांच्याकडचं 'बाळ'.

मनीषा आता आठवीत होती. तिने फळ्याकडे पाहिलं, केनकडे पाहिलं, मग माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "मॅडम, त्यांना सांगू का मी?"

*

संध्याकाळी व्हरांड्यात चौधरी सर, केन आणि मी चहा घेत होतो. मी केनला भीत भीतच त्याच्या 'देम बुक्स'बद्दल विचारलं. तो हसला. मग माझ्यासाठी सावकाश बोलत म्हणाला, आमच्या गावात सगळे असंच बोलतात, माझी आईही असंच बोलायची. शाळेत मास्तर त्यावरून भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. पुढे वर्गात बोलणंच सोडून दिलं. आणि मग शाळाही.

माझं भाषांतर व्हायच्या आत चौधरी सर म्हणाले, "मी ऑल्सो."

केनने त्यांच्याकडे पाहिलं.

"आय सेड, थर्स्टी. इन माय होम लँग्वेज. टीचर स्लॅप."

केनने कप खाली ठेवून विचारलं, तुमच्या भाषेत ते कसं म्हणतात? चौधरी सरांनी सांगितलं. त्यानंतर मुक्काम हलेपर्यंत केन पाणी मागायचा तो त्याच शब्दांत. उच्चार दर वेळी चुकायचा. चौधरी सरांनी एकदाही दुरुस्त केला नाही.

*

केन गेला, पण त्याचं इंग्रजी राहिलं. मुलं 'आय वॉज'च्या जागी बिनदिक्कत 'आय वेअर' म्हणायला लागली. त्यात तपासणीला साहेब आले. आठवीत जाऊन एका मुलीला विचारलं, "काल कुठे होतीस? इंग्लिशमध्ये सांग."

"आय वेअर इन द फील्ड, सर."

"हे कुणी शिकवलं?"

मुलीने मान ताठ केली. "इंग्लंड, सर."

मुख्याध्यापकांनी घाईने चहा मागवला.

साहेब गेल्यावर मी चौधरी सरांना विचारलं, आता काय करू? ते म्हणाले, "पेपरात वॉज लिहायला शिकवावंच लागणार. मार्क तिथे आहेत. पण एकदा मिटलेलं तोंड परत उघडत नाही, मॅडम. मला माहितेय."

दुसऱ्या दिवसापासून मी फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे 'बोलताना', उजवीकडे 'पेपरात'. मुलं एकच गोष्ट दोन्हीकडे सांगायची. डावीकडचं मी कापत नसे. उजवीकडच्या चुका हळूहळू कमी झाल्या, आणि मागच्या बाकांवरचे हात वर यायला लागले.

*

मनीषा नववीत असताना मी तिला डहाणूला इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेला नेलं. नंबर आला नाही, हे आधीच सांगते. बाकीची मुलं शहरातली, कुणीतरी लिहून दिलेली भाषणं घडाघडा म्हणणारी. मनीषाने स्वतःचं लिहिलं होतं, भातलावणीवर. पेपरातलं इंग्रजी तिने पाठ केलं होतं, पण स्टेजवर दुसऱ्याच मिनिटाला ते सुटलं. ती क्षणभर थांबली. मग ती बोलायला लागली.

"रेन कमिंग, वी ऑल आर गोइंग इन मड. माय आजी इज बेंडिंग फुल डे. इव्हिनिंग, शी इज नॉट कमिंग स्ट्रेट."

पुढच्या रांगेतल्या बायका वारा घ्यायला हातातले कागद हलवत होत्या, त्या थांबल्या.

परीक्षक शहरातून आलेले निवृत्त प्राध्यापक होते. वाईट माणूस नव्हता. निकालानंतर त्यांनी मनीषाला जवळ बोलावलं, पाठीवर हात ठेवला. विषय फार सुंदर होता, म्हणाले, आजी डोळ्यांसमोर उभी राहिली. "पण बाळ," त्यांचा आवाज खरोखर मऊ होता, "असं इंग्लिश कोण बोलतं, सांग बघू?"

मनीषाने थोडा विचार केला.

"वी ओन्ली, सर."