जावयाने आणलेला उजेड

निवृत्त कारकुनाने साळ्याच्या दुकानात रोज बसू नये, हे मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. पण कारकुनाला निवृत्तीनंतर सल्ला देतो कोण? तोच वाटत सुटतो. ऐका माझं काय झालं ते.

नागपूरच्या लकडगंजात माझ्या साळ्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं, मधुकरचं, साड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी थाटलेलं. वर टिनाचं छत आणि भर दुपारीही सगळे दिवे सुरू. रोज चहाला गेलो की माझा जीव तडफडायचा. त्यात वाचनालयात एक पुस्तक हाती लागलं. दुकानांत, कचेऱ्यांत दिवसाचा उजेड घ्या, वीज वाचवा. पहिलं प्रकरण संपायच्या आत मी तज्ज्ञ झालो होतो!

मधुकरला म्हटलं, छताचे मधले पत्रे काढ आणि पारदर्शक टाक. सूर्य फुकट आहे.

तो डोकं खाजवत म्हणाला, "आता भाऊजी, तुमी म्हन्ता तं..."

आमच्याकडे जावयाला नाही म्हणायची पद्धत नाही. जावई म्हणाला विहीर खणा, तर लोक फक्त कुठे एवढंच विचारतात.

पत्रे ऐन थंडीत बसले. काय तो उजेड! दिवे बंद. बायका साडीचा खरा रंग पाहून खूश. मी गल्ल्याशेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सूर्यावर व्याख्यान देत होतो.

मग एप्रिल आला. नागपूरचा एप्रिल, बरं का! लग्नसराई म्हणजे दुकानाची वर्षाची खरी कमाई, आणि आत पापड भाजावेत असं ऊन. दोन कूलरचे चार झाले. दुकानातली माणसं आतच डोक्याला दुपट्टे बांधून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून साड्या दाखवू लागली. एका नवरीच्या आईने शालू हातात घेतला आणि त्यानेच घाम पुसला. जांभळ्या साड्यांच्या घड्यांवर पांढरे पट्टे उमटले. मधुकरने त्यातल्या काही नवं डिझाइन म्हणून खपवल्या, पण गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊ लागलं ते लागलंच.

म्हणून वर हिरवी जाळी टाकली. भागेना, तर ताडपत्री. ताडपत्रीने अंधार झाला, म्हणून दिवे पुन्हा लागले. म्हणजे पहिले सगळे दिवे, शिवाय चार कूलर! विजेचं बिल किती आलं, ते मधुकरने मला सांगितलं नाही. जावई ना मी!

शेवटी माझी बायको कित्येक वर्षांनी माहेरच्या दुकानात आली. वर ताडपत्री, खाली दुपट्टे, मध्ये मी. तिने सगळं नीट पाहिलं.

"काहून गा मधू, उत्तरेची खिडकी कुठं गेली? बाबा तिथंच बसून रंग दाखवत. ऊन येत नव्हतं, नुसता उजेड यायचा."

मधुकर जमिनीकडे पाहत म्हणाला, "हाये ना ताई. आरशाच्या मागं हाये."

"मंग काढ ना तो आरसा."

"कसा काढू? भाऊजीनं देल्ला हाये."

काही वर्षांपूर्वी दुकानाला नवा रंग दिला तेव्हा मीच भेट दिलेला तो पुरुषभर आरसा! खाली माझं नावसुद्धा आहे, लाल अक्षरांत.

तो मी स्वतः उतरवला. खिडकी उघडली आणि शांत, थंड उजेड थेट गादीपर्यंत आला. छतावर पुन्हा टिन चढलं, दिवे विझले, दोन कूलर परत गेले आणि उरलेली लग्नसराई हाती लागली. पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात म्हणे हेच लिहिलं आहे.

आता एकच आठवून हसू येतं. इतकी वर्षं त्या आरशासमोर भांग पाडता पाडता मी रोज विचारायचो, "मधुकर, दुकानात एवढा अंधार कुणामुळे रे?"

बिचारा नुसता आरशाकडे बघायचा.