नागपूर ते जबलपूर : सुमनआत्याकडची भाऊबीज

उन्हाळ्यात बाबांची बायपास झाली आणि तेव्हापासून माणूस जरा बिघडलाच. टीव्ही लावायचे आणि बघायचे नाहीत. जेवता जेवता थांबायचे. दिवाळीच्या आठ दिवस आधी मी चकलीचं पीठ मळत होते, तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "भाऊबीजेला जबलपूरला जायचं आहे. फोन केला होता मी. ये म्हणाला."

"कोण ये म्हणाला?"

"दादा."

मला एवढंच माहीत होतं की बाबांना एक मोठा भाऊ होता, जबलपूरला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला होता, आणि एकाहत्तरच्या लढाईनंतर काहीतरी झालं. आजोबा रेल्वेत होते. त्यांनी बदली मागून घेतली, सगळं बिऱ्हाड नागपूरला आलं आणि दादा तिथेच राहिला. कुणी विषय काढला की आजी उठून आत जायची. बस, एवढंच. बाकीचं त्या दिवशी बाबांनी फ्रीजकडे बघत सांगितलं. दादाचं नाव आता सुमन आहे. साडी नेसतो. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली. जबलपूरच्या रांझी भागात एकटा राहतो.

"राहते," मी म्हटलं. "म्हणजे मला आत्या आहे, आणि हे तुम्ही मला मी पन्नाशीला टेकल्यावर सांगून राहिले?"

 मला इतका राग आला होता की चकल्या सगळ्या मोडल्या. (जुनं नाव मी इथे लिहिणार नाही. तिला ते कुणी लिहिलेलं आवडणार नाही, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.)

पाडव्याच्या दिवशी सकाळी सहाला निघालो. गाडी मी चालवत होते. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: नागपूर–मनसर–देवलापार–खवासा–सिवनी–लखनादौन–बरगी–जबलपूर, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता लोण्यासारखा आहे. पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवरून जातो, खालून जनावरं जातात. दोन्ही बाजूंना उंच आडोसे आहेत, त्यामुळे वाघ दिसेल म्हणून मान वाकडी करू नका. फास्टॅग भरलेला ठेवा. सहा तास धरा, सोबत म्हातारं माणूस असेल तर सात. सिवनीच्या आधी पोट भरायला काही खास मिळत नाही, तेव्हा डबा सोबत असू द्या.

लखनादौनच्या पुढे एका ढाब्यावर थांबलो. आलूपराठा बरा होता, चहा फार गोड. तिथे बाबा आपणहून बोलायला लागले.

लढाई सुरू झाली तेव्हा बाबा एकोणीस वर्षांचे होते. फॅक्टरीचं शहर, म्हणून संध्याकाळी सातपासून ब्लॅकआउट. मोहल्ल्यातली कॉलेजची पोरं स्वयंसेवक झाली होती. चौघं-पाचजण मिळून फिरायचे, कुणाच्या खिडकीतून उजेड दिसला की "बत्ती बुझाओ" म्हणून ओरडायचे. हातात टॉर्च, शिट्टी, दंडावर पट्टी. एका संध्याकाळी गल्लीच्या टोकाला नळापाशी कुणीतरी एकटी बाई उभी दिसली.

"मी टॉर्च मारला," बाबा म्हणाले. "तर दादा. आईची साडी नेसून."

"मग?"

"मग काय? अंधार होता, मला काय माहीत कोण आहे. सोबतच्या पोरांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या मोहल्ल्यात झालं. महिनाभरात आम्ही नागपुरात."

त्यांनी पराठ्याचा अर्धा तुकडा तसाच सोडला. म्हणाले, "उद्या त्याच्यासमोर बसायचं आणि ओवाळून घ्यायचं. एवढं एकदा झालं की मी सुटलो." मला तेव्हा ते पटलं. मला वाटलं, काय मोठ्या मनाचा आहे माझा बाप! पंचाहत्तरीला आलेला माणूस, जन्मभर ज्याला भाऊ म्हटलं त्याला बहीण मानायला चालला आहे. आता लिहिताना लाज वाटते.

जबलपूरला राइट टाउनमध्ये हॉटेल घेतलं होतं, दोन हजारांच्या आत, स्वच्छ, खाली गाडी लावायला जागा. त्या भागात शाळा आणि ऑफिसं आहेत, त्यामुळे दिवाळीच्या सुटीत शांत असतं. संध्याकाळी ग्वारीघाटाला गेलो. ऑटोवाला आधी भाव सांगतो, मग आपण अर्धा सांगायचा, मग मध्ये कुठेतरी ठरतं. नर्मदेची आरती जरूर बघा, पण गर्दीच्या अर्धा तास आधी जाऊन पायऱ्यांवर जागा धरा. परतताना खव्याची जिलेबी खाल्ली. काळी असते, दिसायला ओबडधोबड, आणि एक खाल्ली की जेवण बाद. बाबांनी दोन खाल्ल्या आणि त्या चौकात पूर्वी काय काय होतं ते सांगत राहिले. बायपासनंतर इतक्या खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं.

भाऊबीजेला सकाळी पोहे खाऊन रांझीला गेलो. पत्ता सापडायला त्रास झाला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "सुमन दीदी? फॅक्टरी वाली? वो हरा गेट।"

दार उघडलं ती बाबांपेक्षा उंच होती. पिवळसर सुती साडी, पांढऱ्या केसांचा अंबाडा, जाड चष्मा. नाक आमच्या घराण्याचंच, माझ्या चेहऱ्यावर आहे तेच. मी वाकून नमस्कार केला.

"तू बाळूची मुलगी का? चांगली उंच आहे." मग बाबांकडे बघून, "ये. केस गेले की रे सगळे."

"हो," बाबा म्हणाले. 

आतली खोली लहान, लख्ख. मध्यभागी पाट मांडलेला, भोवती रांगोळी, शेजारी ताम्हनात निरांजन, सुपारी, अक्षता, करंज्या. सगळी तयारी. बाबांनी चपला काढल्या, डोळे पुसले आणि सरळ जाऊन पाटावर बसायला वाकले.

"तो नाही," आत्या म्हणाली. "तो रामसेवकचा आहे. तू खुर्चीवर बस."

बाबा अर्धे वाकलेले तसेच राहिले. मी जाऊन त्यांचा दंड धरला आणि खुर्चीपाशी नेलं. त्या दोन पावलांत मला माझ्या बापाची इतकी दया आली! आणि तिचा रागही आला, खोटं काहून बोलू?

रामसेवक भैया दहा मिनिटांनी आले. जबलपूरजवळच्याच पाटण गावाहून बसने आले होते. पांढरी मिशी, धोतर, पिशवीत पेरू आणि शेतातली कोथिंबीर. कुठे काय ठेवायचं हे त्यांना माहीत होतं. पेरू कुठल्या टोपलीत, काठी कुठल्या कोपऱ्यात. आत्याने ओळख करून दिली, "ये बालू। मेरे घर का।" त्यांनी बाबांकडे क्षणभर पाहिलं आणि हात जोडले. बाबा कोण आहेत ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

मी आत्याला मदत करायला आत गेले आणि शहाणपणाने विचारलं, "आत्या, खूप त्रास झाला असेल ना तुम्हाला?"

"त्रास काय विचारते?" ती भाजी हलवता हलवता म्हणाली. "त्रास तर सगळेच विचारतात. तू साडीचं विचार ना."

"कुठली साडी?"

"आईची जांभळी. लढाई सुरू झाली न्, तर पहिल्याच दिवशी सात वाजता सब बंद. रस्त्यावर कोणी कोणाला दिसत नाही. मी ट्रंकेतून साडी काढली अन् नळापर्यंत जाऊन आली. बस, इतकंच. एक माणूस बाजूने गेला, म्हणाला, 'संभल के बहनजी, गड्ढा है।' मी घरी येऊन रडली. रोज जायची मग. दिवसा आम्ही गोळे भरून राहिलो, डबल शिफ्ट, तिकडे पोरं मरून राहिली होती. अन् मी मनात म्हणून राहिली, देवा, हा अंधार संपू नको देऊ. हे पाप मी कोणालाच सांगितलं नाही, रामसेवकला सोडून."

 मी पोळ्यांना तूप लावत राहिले.

"अन् फॅक्टरीत?" मी मग विचारलं.

"फॅक्टरी बरी होती. भरायच्या सेक्शनमध्ये जायच्या आधी गेटच्या आत एक खोली असते. तिथे आपले कपडे काढायचे, अंगठी, पट्टा, जोडे, सब. सरकारचे घालायचे. ना बटण, ना खिसा, ठिणगी नको पडायला म्हणून. मला वाटे, चलो, इथे तर सगळेच दुसऱ्याच्या कपड्यात आहेत. मी एकटी नाही."

आम्ही बाहेर आलो तेव्हा दोघे म्हातारे एकमेकांकडे न बघता बसले होते. आत्याने निरांजन लावायला काडीपेटी उचलली आणि बाबांचा धीर सुटला.

"दादा," ते म्हणाले, मग थांबले. "मला माहीत नव्हतं ग तू आहेस. त्या दिवशी. अंधारात."

आत्याने काडीपेटी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "बाळू, टॉर्चला निळा कागद चिकटवलेला असायचा न् तुमच्या? वरून विमानाला दिसू नये म्हणून?"

"हो."

"निळ्या कागदातून तोंड दिसत नाही. तू पहिले कागदातूनच मारला. मी म्हटलं, 'बाळू, मी आहे, घरी जा.' मग तू कागद फाडला."

मी बाबांकडे बघितलं. म्हणाले असते 'नाही', तर मी विश्वास ठेवला असता. ते खूप वेळ स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

"पोरं सोबत होती," ते शेवटी म्हणाले. "त्यांनी आवाज ऐकला होता तुझा. मला वाटलं, मी हसलो नाही तर मलाही…" आणि रडायला लागले. माझा बाप असा रडतो हे मला माहीत नव्हतं.

रामसेवक भैयांनी पाण्याचा पेला पुढे केला. म्हणाले, "दूसरे दिन पूरे सेक्शन में कोई इनके पास नहीं बैठा। लड़ाई चल रही थी, काम तो करना था। हम बैठ गए। हमारी बहन नहीं थी। अगली दिवाली हम इनसे बोले, टीका कर दोगी? तब से कोई साल खाली नहीं गया।"

त्यात ना बढाई होती, ना टोमणा. मग ते पाटावर बसले. आत्याने टोपी दिली, कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली, ओवाळलं. त्यांनी तिच्या पायांना हात लावला. ते वयाने मोठे असूनही लावला, तिकडची रीत आहे. बाबा खुर्चीतून बघत होते.

"मला ओवाळशील?" बाबांनी विचारलं. अगदी लहान पोराच्या आवाजात.

"आज नाही."

"माफ नाही करणार?"

"माफी-बिफी मला कळत नाही. मी आता ओवाळलं तर तुला वाटेल झालं, मिटलं. मला तसं नाही वाटून राहिलं, मग खोटं कशाला करू? पुढच्या वर्षी ये."

"पुढच्या वर्षी मी असेन की नाही, माहीत नाही, सुमन." तिचं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं.

"मी तरी कुठे आयुष्याचा पट्टा लिहून आणला आहे," आत्या म्हणाली. "तरी ये. चला, पाटवड्या गार होतात."

जेवण उत्तम होतं. पाटवडीचा रस्सा झणझणीत, अस्सल आपल्याकडचा, पन्नास वर्षं हिंदीत राहूनही जरा ढळला नाही. बाबा जेवले. निघताना आत्याने मला साडीचा पदर जरा नीट घे म्हणून सांगितलं आणि बाबांना गोळ्या वेळेवर घ्यायला.

तिसऱ्या दिवशी भेडाघाट केलं, कारण एवढं लांब येऊन धुआंधार न बघता जाणं बरं नाही. रोपवे घ्या, म्हातारी माणसं चालण्यापासून वाचतात. संगमरवरी कड्यांमधली नाव सकाळच्या उन्हात चांगली. नावाडी वाटेल त्या गोष्टी रचून सांगतो, ऐकून घ्यायच्या. बाबा कठड्याला धरून पाण्याचे तुषार अंगावर घेत उभे होते. मी म्हटलं, "बाबा, ढाब्यावर माझ्याशी खोटं बोलले तुम्ही." ते म्हणाले, "इतकी वर्षं स्वतःशीच बोललो. तुझी वेगळी काय कथा?"  परतताना टोलनाक्यांवर रांगा होत्या, आठ तास लागले.

ही सहल कशी झाली म्हणून मैत्रिणी विचारतात. मी सुमनआत्याला स्वीकारायला गेले होते, जशी काही ती अर्ज घेऊन दारात बसली होती. ती तर बसलीच नव्हती. तिचं घर होतं, भाऊ होता, रांगोळी होती. कुणाला आत घ्यायचं ते ठरवायचा हक्क तिचा होता, आणि हे कळायला मला पावणेतीनशे किलोमीटर जावं लागलं. सिग्नलवर टाळी वाजवत कुणी आलं की मी काच वर करायची. परवाही हात बटणावर गेलाच होता. सवय काही एका फेरीत जात नाही.

आल्यानंतर दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरचे देशपांडे काका फराळाचं ताट परत द्यायला आले. बाबा दारातच होते. काकांनी सहज विचारलं, "दिवाळीत कुलूप दिसलं. कुठे गावाला?"

मी आत कान टवकारून उभी.

"जबलपूरला," बाबा म्हणाले. "मोठ्या बहिणीकडे."

"अरे, तुम्हाला बहीण आहे? वीस वर्षं शेजारी राहतो, कधी बोलला नाहीत."

"नाही बोललो," बाबा म्हणाले. "या ना आत, बसा. सांगतो."