वरच्या काकांची मान

निम्मं आयुष्य त्यांनी गोदीवरच्या क्रेनच्या केबिनमध्ये काढलं, म्हणून खालचे हमाल त्यांना 'वरचे काका' म्हणत. "वरच्यांची कृपा असेल तर आज लवकर सुटू," असं कुणी ओरडलं की तेही वरून देवासारखा हात दाखवत. पायाखालच्या काचेतून खाली बघायचं, खोकं उचलायचं, ठेवायचं, पुन्हा बघायचं. मान कायम वाकलेली. बायको गेल्याच्या वर्षात ती मान अशी काही धरली की सुटेचना. शेवटी सूनबाईनं चपला पुढ्यात आणून ठेवल्या. "बाबा, आता तुमचं काही ऐकायची नाही मी. चला."

फिजिओथेरपिस्ट सुनेच्याच वयाची होती. चेहऱ्यापुरतं भोक असलेल्या पलंगावर तिनं त्यांना पालथं झोपवलं. भोकातून फरशी दिसत होती आणि तिचे कॅनव्हासचे बूट. तिनं दोन्ही तळवे मानेवर टेकवले, हलकेच दाब दिला, मग अंगठ्यानं एकेक गाठ शोधत खाली आली. काकांनी आवरायच्या आत फरशीवर थेंब पडले, आणि मग हुंदकाच फुटला.

तिनं हात काढला नाही. "होतं असं, काका. येऊ द्या."

काका उठले, शर्टाची बटणं वरखाली लावली आणि बाहेर पडले. "डोळे लाल कशानं?" सुनेनं विचारलं.

"टॉवेलला पावडर होती कसली तरी."

रडू का आलं हे त्यांना पुरतं कळलं होतं. बायको गेल्यापासून त्यांच्या अंगाला कुणाचा हातच लागला नव्हता. मुलगा गुणी, सून जीव लावणारी, पण घरात सगळा व्यवहार ताट देण्याघेण्यापुरता. पोराबाळांच्या बापानं, नोकरी संपत आलेल्या माणसानं, पाठीवर कुणी हात ठेवावा म्हणून आसुसावं? आणि तोही लेकीच्या वयाच्या मुलीनं? कुणाला कळलं तर काय म्हणतील, या विचारानं त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तरी ते जात राहिले. मान मोकळी होत गेली. केबिनमध्ये ठणका लागेनासा झाला. पण "आज कसं वाटतंय?" असं तिनं विचारलं की तोंडातून निघायचं, "आहे, आहे अजून." तिच्यासमोर ते लाकडी बाहुलीसारखे अख्खे वळत. घरी सून स्वतःच्या कामाची घाई सोडून त्यांच्यासाठी गरम पाण्याची पिशवी भरायची. ती मानेखाली घेताना काकांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण खरं बोलवत नव्हतं.

एकदा उपचार संपवून ते दारात आले. सून न्यायला आली होती, थेरपिस्ट तिला व्यायाम समजावत होती. तेवढ्यात पाठीमागच्या बाकावरून कंबर धरून बसलेला एक हमाल ओरडला, "अहो वरचे काका! तुम्ही इथं खाली कसे?"

काकांनी हसत गर्रकन मान वळवली.

"बाबा, मान वळली की तुमची!" सून आनंदानं म्हणाली.

काकांनी मानेवर हात नेला. "आई गं!" ते इतक्या उशिरा कळवळले की हमालालाही हसू आलं. थेरपिस्टनं मात्र नजर खाली वळवली, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

त्यानंतर त्यांनी जाणंच बंद केलं. "बरं झालंय मला," घरी सांगून टाकलं. आणि मान खरोखरच दुखू लागली, पहिल्यापेक्षा वाईट. झोप उडाली. आता सांगायचं कुणाला? शेवटी कुणाला न सांगता ते एकटेच तिच्याकडे गेले आणि उभ्याउभ्याच बोलून मोकळे झाले. "मधे दुखत नव्हतं. मी खोटं बोललो. आता दुखतंय. विश्वास ठेवा की नका ठेवू."

"ठेवते. बसा आधी." तिनं स्टूल पुढे केलं. "काका, दुखणं फक्त मणक्यात नसतं. झोप नाही, मनावर ओझं, जोडीला एकटेपण, की मानेचे स्नायू आवळतात आणि एरवी थोडं दुखेल ते दुप्पट दुखतं. तुमचं आताचं दुखणं खोटं नाही. माझ्या हातानं आराम पडेल, व्यायामानं टिकेल. पण हात माझाच कशाला हवा? घरात माणसं आहेत ना?"

"मागायचं कसं?"

"तोंडानं," ती म्हणाली, आणि दोघंही कसंनुसं हसले.

रविवारी दुपारी मुलगा कपड्यांना इस्त्री करत होता. काका तीनदा दारापर्यंत येऊन परत फिरले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "जरा मान दाबून देतोस का?"

मुलगा चकित झाला. बापानं त्याच्याकडे आजवर पाण्याचा पेलाही मागितला नव्हता. त्यानं इस्त्री बंद केली, काका पलंगावर पालथे पडले, तसे त्यानं हात पँटला पुसले आणि अंगठे घाबरत घाबरत मानेवर टेकवले. अगदीच चुकीच्या जागी.

"दुखतंय का?"

"नाही," काका म्हणाले. डोळे पुन्हा भरून आले होते. ते लपवायला त्यांनी चेहरा उशीत खुपसला. लाज काही गेली नव्हती. पण ते उठले नाहीत.