नवऱ्याची जीप

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करून वाचायला सांगितलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने सगळ्यात वरचं मोठं अक्षर वाचलं आणि तो थांबला. पुढच्या ओळीत त्याने अंदाजाने दोन अक्षरं सांगितली. दोन्ही चुकली. त्याचं लायसन संपत आलं होतं आणि नवं करायला डोळ्यांचा दाखला हवा होता. डॉक्टरांनी फॉर्म सहीशिवाय परत दिला. "साखरेनं डोळ्यांना आतून इजा केलीय. गाडी आता बंद करा."

वीसेक वर्षं तो जव्हार ते दाभोसा प्रवाशांची जीप चालवत होता. बाहेर येऊन तो नेहमीसारखा स्टेअरिंगवर बसला. मी शेजारी बसले. त्याला अडवायला हवं होतं, पण मी दार लावून घेतलं. उतारावर एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन कडेने चालली होती. मला ती लांबूनच दिसली. त्याला दिसली नाही. मी ओरडले. ब्रेक लागला, मोळी रस्त्यात पडली, बाई वाचली. ती आमच्याकडे बघत उभी राहिली. तो उतरला, मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली आणि परत आला तो माझ्या बाजूच्या दाराशी.

"सरक," म्हणाला.

"मला कुठं येते चालवायला?"

"मला पण आता नाय येत."

जीप तिथेच उभी राहिली. नवऱ्याने फोन केल्यावर बऱ्याच वेळाने ओळखीचा एक वयस्क ड्रायव्हर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आला. त्याने जीप घरी आणून लावली.

जीप विकून टाकू, असं मीच सुचवलं. नवरा म्हणाला, "इकू नको. तू शिक." मी अंगणवाडीत काम करते, दहावी झालेली आहे. त्याच्या मते लायसनला तेवढं पुरे होतं. मला मात्र त्या मोळीवाल्या बाईचा चेहरा सारखा आठवत होता.

जव्हारला आरटीओचा कॅम्प लागला तेव्हा मी लर्निंगची परीक्षा दिली. आधी रोज रात्री जेवणं झाल्यावर मी मोबाईलवर रस्त्याच्या खुणा पाठ करायची आणि त्या त्याला सांगायची. त्यातल्या निम्म्यांची नावं त्यालाही ठाऊक नव्हती. "आम्ही नुसते बघून चालवायचो," तो म्हणाला.

मी पास झाले. काचेवर लाल टेपने इंग्रजी 'एल' चिकटवला. पण शिकणाऱ्याच्या शेजारी लायसनवाला माणूस लागतो, आणि नवऱ्याचं लायसन तोवर संपलं होतं. मग तोच वयस्क ड्रायव्हर माझ्या शेजारी बसायला लागला. नवरा मागे, प्रवासी बसतात त्या बाकावर. पहिल्या दिवशी गाडी चार वेळा बंद पडली. मागून आवाज यायचा, "क्लच हळू सोड. हळू. आता दे रेस." त्याला रस्ता दिसत नव्हता, पण इंजिन ऐकू येत होतं. एकाच वेळी दोघं दोन गोष्टी सांगायचे आणि मी रडकुंडीला यायची. एकदा मी चिडून नवऱ्याला म्हटलं, "तू गप बस ना जरा!"

माझ्या शेजारी बसलेला म्हातारा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बोलू दे त्याला. मीच गप बसतो."

त्यानंतर त्याने खरोखरच फक्त हँडब्रेकवर हात ठेवला.

पहिल्या टेस्टला मी नापास झाले. चढावर थांबवून पुन्हा गाडी काढायची होती. मी ब्रेकवरून पाय लवकर उचलला आणि जीप मागे आली. आरटीओचे साहेब रागावले नाहीत. "पुढच्या कॅम्पला या," एवढंच म्हणाले. महिनाभर मी जामसरच्या रस्त्याला एकाच चढावर गाडी थांबवत आणि काढत राहिले. दुसऱ्या वेळी जमलं. नवरा टेस्टच्या मैदानाबाहेर झाडाखाली उभा होता. मी जवळ गेले तरी त्याने मला ओळखलं नाही. मी हात धरल्यावर त्याने विचारलं, "झालं?"

"झालं."

त्याने मान हलवली.

लायसन पोस्टाने आलं. त्याने ते दारात उजेडाला धरून डोळ्यांजवळ नेलं. "फोटो बरा आला का?" मी खोटं सांगितलं, बरा आला.

पुढे काही दिवस तो माझ्या शेजारी बसून येत राहिला. अंगणवाडीचं धान्य आणायला, पाड्यावरच्या गरोदर बायांना तपासणीला न्यायला. मग एका सकाळी मी निघाले, तर तो ओटीवरून उठलाच नाही.

"येत नाहीस?"

"तू माझ्याकडं बघत ऱ्हातेस. रस्त्याकडं नाय बघत."

ते खरं होतं. प्रत्येक वळणावर मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची, आपलं चुकलं का ते कळायला. त्या दिवशी मी दोन बायांना घेऊन जव्हारला गेले. बाजाराच्या तोंडाशी गाडी बंद पडली, मागे एसटीने हॉर्न दाबून धरला. मी चावी फिरवली आणि गाडी काढली.

परतले तेव्हा तो शेताच्या बांधावर बसून हाताने गवत उपटत होता. नागलीचं रोप कुठलं आणि गवत कुठलं, हे बोटांनी चाचपून बघत होता. माझी चाहूल लागली तसा तो जरा सरकला. मी त्याच्या शेजारी बसले आणि गवत उपटायला लागले.