तिच्या वतीनं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, जिवाभावाचे म्हणावेत असे दोन मित्र होते त्यांना नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. एरवी मी तोंडाळ माणूस. उभी नोकरी अर्थशास्त्र शिकवण्यात गेली, स्टाफरूममध्ये माझ्याआधी माझा आवाज पोचायचा. पण ही एक गोष्ट — ही मात्र पोटातच राहिली. आता तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — जाऊ द्या. सांगतोच.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. खुलं आर्थिक धोरण आलेलं, आणि आम्ही मास्तर लोक पेपर वाचून त्यावर असे भांडायचो, जसं काही अर्थमंत्री आमच्या दारात सल्ल्यासाठी ताटकळलेत. तशात आमच्या विभागात सुजाता आली. कोल्हारची. बौद्ध घरातली, वडील लहानपणीच गेलेले, आईनं मजुरी करून एम. ए.पर्यंत शिकवलेली मुलगी. मी देवळाली प्रवऱ्याचा, बागायतदाराच्या घरातला. ऊस, विहीर, दारात ट्रॅक्टर. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं लागेल.

पहिल्याच महिन्यात तिनं स्टाफरूममध्ये एक प्रश्न टाकला. रोजगार हमीचं काम गावाजवळ निघालं — खडी फोडायचं, पाझर तलावाची माती वाहायचं — की शेतावरच्या बायांची मजुरी वाढते का? म्हणजे जी बाई त्या कामावर पाऊलसुद्धा टाकत नाही, तिलाही त्याचा फायदा होतो का? कारण मालकाला धाक असतो ना, थोडं वाढवून दिलं नाही तर ही चालली खडीवर! आणि तसं असेल, तर खर्चाला कात्री लावणारी मंडळी तो फायदा कुठं धरतात?

मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, यावर दिल्लीत कुणीतरी काम केलंच असेल. ती हसली. "केलं असेल की सर. पण त्यांची आई खडी फोडायला गेलेली नव्हती. माझी गेली होती, बहात्तरच्या दुष्काळात. मी शेजारी गोधडीवर मुठीनं माती खात होते."

त्या क्षणी मी तिच्या प्रेमात पडलो, असं म्हणालो तर तुम्ही हसाल. मजुरीच्या प्रश्नावरून कुणी प्रेमात पडतं का? मी पडलो बुवा.

मग शनिवार सुरू झाले. दुपारी कॉलेज सुटलं की माझ्या एम-एटीवरून आम्ही कालव्याचं पाणी पोचत नाही अशा डोंगराकडच्या गावांत जायचो. पेट्रोल माझं, भाकरी तिची. ती मागे एका बाजूला पाय सोडून बसायची, आणि मधे तिची ती कापडी पिशवी. त्या पिशवीचा मला इतका राग यायचा! ती सारखी बोलायची, अर्धं वाऱ्यावर जायचं, मी नुसतं "हो, हो" म्हणायचो. गावात पोचल्यावर बायांत जाऊन बसायची, आणि मी मालक लोकांकडे. त्यांच्याशी बोलणं मला जमायचं, मी त्यांच्यातलाच. परत येताना कोल्हारच्या पुलावर गाडी थांबवून आम्ही प्रवरेकडे बघत उभे राहायचो. काही विशेष बोलायचो नाही. आज कुठं मजुरी किती निघाली, एवढंच. अजूनही शनिवारी दुपारी मला घरात करमत नाही. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे. असेल.

पुलावरून तिच्या घरी. पारूबाई, म्हणजे तिची आई, दारातूनच "जयभीम सर, या" म्हणायची आणि विचारायच्या आधी ताट वाढायची. भाकरी, मटकीची उसळ, ठेचा. त्या घरात मी किती वेळा जेवलो, मोजदाद नाही. आणि माझ्या घरी सुजाताला मी एकदाही नेलं नाही. का? तुम्हाला कळतंय ते. मलाही कळत होतं. घरात तिचं नाव काढायची माझी छाती नव्हती. तिलाही कधी काही बोललो नाही. मनातल्या मनात मांडे खात बसलो — असंच चालू राहावं. ना पुढं, ना मागं.

मग ती जाहिरात आली. परदेशातली एक संस्था होती. तिचं म्हणणं असं की गरीब देशांच्या आर्थिक धोरणांवर बाहेरचे तज्ज्ञ येतात, पंधरवडाभर फिरतात, अहवाल लिहून निघून जातात. त्यापेक्षा तिथल्याच माणसांनी आपले प्रश्न आपण शोधावेत, निधी आम्ही देऊ. वर्षभर बाहेर शिकायला जायचं, आधी दिल्ली आणि मग आफ्रिकेतल्या एका संस्थेत, जिथं असेच ठिकठिकाणचे लोक येणार. मग परत येऊन आपल्याच जिल्ह्यात काम करायचं. परत यायची अटच होती. हे लक्षात ठेवा. मी विसरलो नव्हतो.

तो कागद सुजातानं मला तीनदा वाचून दाखवला. अर्जातलं इंग्रजी मी घासूनपुसून दिलं — तेवढं प्रामाणिकपणे केलं, शपथेवर सांगतो. पारूबाईला कळलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "तिकडं थंडी आसंल का गं?" आणि पुढच्या आठवडी बाजारातून एक निळी बॅग घेऊन आली. निवड व्हायची होती, अजून कशात काही नव्हतं! सुजाता चिडली. म्हातारी म्हणाली, "लागंल तवा पळापळ नगं." बॅग घडवंचीवर जाऊन बसली, नवी कोरी. मी जेवायला बसलो की ती बरोबर माझ्या समोर.

माझं बिनसलं ते तिथून. तिला आनंद झालाय हे मला बघवत नव्हतं. सांगतानाही लाज वाटते, पण तसंच होतं ते. मत्सर होता का? होता. प्रश्न तिचा, निवड तिची, विमान तिचं, आणि मी देवळालीत उसाला पाणी किती लागतं यावर व्याख्यानं देणार. पण नुसता मत्सर असता तर मी तो गिळला असता. त्याच्याखाली दुसरंच होतं. ती गेली की शनिवार जाणार. आणि वर्षानं येईल ती कोण असेल? माझ्या एम-एटीच्या मागं बसून "सर, सर" करणारी नक्कीच नसेल.

अर्ज पसंत पडला. संस्थेची दोन माणसं भेटायला आली. एक वयस्क गोऱ्या बाई, आणि त्यांच्याबरोबर मद्रासकडचे एक गृहस्थ. सुजातानं त्यांना हॉलमध्ये बसवलं नाही. सरळ पाझर तलावाच्या कामावर नेलं. भर दुपार, माती उडत होती. त्यांना माझ्याजवळ बाभळीखाली बसवून ती खाली खड्ड्यात उतरली, बायांना गोळा करायला. वरून दिसत होती. हातवारे करत होती, एक बाई तिला काहीतरी चिडवत होती, सगळ्या हसत होत्या.

बाई माझ्याकडे वळल्या. काम फार आवडलंय, म्हणाल्या. एकच काळजी आहे. मागं दुसऱ्या एका देशात निवडलेल्या मुलीला ऐनवेळी घरच्यांनी सोडलं नाही आणि तिला फार सोसावं लागलं. सुजाताच्या घरचे वर्षभर सोडतील ना? इकडची रीत आम्हाला माहीत नाही, तिला भलतंच विचारून अवघडवायचं नाही. तुम्ही इथले. तुम्ही तिला जवळून ओळखता. तुम्हीच सांगा.

आता — आता मी काय सांगितलं ते सांगायला हवं. इतका वेळ इकडं तिकडं फिरलो, ते याच्यासाठी.

मी सांगितलं की नाही सोडणार. मी सांगितलं की आई जुन्या वळणाची आहे, एकटी आहे, तिचा या सगळ्याला विरोध आहे. मुलगी आत्ता उत्साहात हो म्हणेल, पण शेवटी आईचा शब्द मोडणार नाही. आणि एवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, कृपा करून तिला थेट विचारू नका. आमच्याकडे अशा गोष्टी तोंडावर विचारल्या की घराण्याचा अपमान समजतात.

घराण्याचा अपमान! कुठून सुचलं असेल मला? असली कसलीही रीत पारूबाईच्या घरात नव्हती. होती ती माझ्याच घरात. बाईंनी मान हलवली. मद्रासचे गृहस्थ काहीतरी विचारणार होते, पण बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. माझे आभारसुद्धा मानले. खरं सांगितल्याबद्दल! तेवढ्यात खालून सुजातानं आमच्याकडं बघून हात हलवला. मीही हलवला.

नकार आला. कारण काही दिलेलं नव्हतं, शुभेच्छा होत्या. सुजाता रडली नाही. दोन दिवस रजेवर होती, तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "माझं इंग्रजी कमी पडलं सर. त्या बाई बोलायच्या ते मला पटापट कळतच नव्हतं. मी येड्यासारखी नुसती हसत होते."

तेव्हा बोलता आलं असतं. संस्थेला लिहिता आलं असतं, गैरसमज झाला म्हणून. वेळ होता. मी काय केलं? मी म्हणालो, हो, थोडं कमी पडतं खरं. शिकवतो मी.

आणि शिकवलं की! सगळं वर्ष. तास संपले की रिकाम्या वर्गात ती पहिल्या बाकावर आणि मी खुर्चीत. जे मला हवं होतं ते मिळालं, शनिवारच काय, सगळे वार मिळाले. ती जीव तोडून शिकायची. एखादा शब्द चुकला की स्वतःच्या कपाळावर टपली मारायची आणि म्हणायची, "यामुळंच गेलं बघा." मी समोर बसलेला असायचो. त्या वर्षाइतका सुखी मी कधी नव्हतो. हेही खरंच आहे, आणि हेच सगळ्यात वाईट आहे.

एकदा तिच्या घरी गेलो तर ती नव्हती, बँकेत गेली होती. पारूबाईनं चहा टाकला. बॅग घडवंचीवरच होती, तिच्यावर आता गोधड्यांची चवड. म्हातारी चुलीपुढून म्हणाली, "सर, त्या गोऱ्या बाईचं मला लई नवल वाटतं. गावात आली, बायांला भेटली, पर आमच्या दाराला न्हाई आली. मला इचाराया पायजे हुतं तिनं. म्या म्हनले असते, हिला आजच्या आज घेऊन जा. म्या दगडं फोडली ती हिनं माज्यापाशी बसावं म्हनून व्हय?"

मी चहा पीत होतो. गूळ जास्त झालाय का, तिनं विचारलं. मी म्हणालो, नाही, चांगला झालाय.

पुढं तो प्रश्न बाजूलाच पडला. शनिवारही हळूहळू बंद झाले. तिनं स्पर्धा परीक्षा दिली, तिला लांब विदर्भात नोकरी मिळाली. इंग्रजीच्या पेपरात तिला उत्तम गुण होते, पेढे घेऊन पहिल्यांदा माझ्याकडेच आली. गेली त्या दिवशी कोल्हारच्या स्टँडवर मी पोचवायला होतो. एस.टी.च्या टपावर सामान चढवायला हमाल नव्हता, म्हणून निळी बॅग मीच वर दिली. हलकी होती. पारूबाईनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली. सुजाता खिडकीतून म्हणाली, "सर, तुम्ही होता म्हणून." गाडी पुलावरून पलीकडं जाईस्तोवर मी उभा होतो. त्याच उन्हाळ्यात घरच्यांनी ठरवलेल्या मुलीशी माझं लग्न झालं. बायको चांगली आहे. तिचा यात काही संबंध नाही.

पारूबाई गेली. सुजाता आता निवृत्तीला आलीय. तिनं लग्न केलं, मुलं मोठी आहेत, सगळं नीट आहे. म्हणजे माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून मी हे सांगतोय असं समजू नका. ते तिचं नीट आहे, माझं नाही. शिक्षकदिनाला न चुकता तिचा फोन येतो. मी सकाळपासून वाट बघतो आणि वाजला की घेववत नाही, अशी गत. ती दरवर्षी इंग्रजीचे आभार मानते.

मागच्या वेळी फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "सर, आपला तो मजुरीचा प्रश्न आपल्याकडच्या गावांत पुढं कुणी केला का हो?"

'आपला' म्हणाली. मी म्हणालो, माहीत नाही. ती म्हणाली, "मला येत होतं ते. मला करता आलं असतं."

हो, तुला करता आलं असतं. तुझी आई तुला त्याच दिवशी सोडायला तयार होती. त्या बाईंनी विचारलं होतं, आणि 'नाही' मी म्हणालो.