मॅटचा खरा रंग

त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

लोहाऱ्यात आमच्या घरासमोरच एसटीचा थांबा आहे. त्या सकाळी गाडीतल्या गालिच्यासारख्या मॅट मी अंगणात काढल्या होत्या. शेतातली काळी माती त्यांच्यात घट्ट बसली होती. मी बादली उचलली तोच थांब्यावर बसची वाट बघणाऱ्या त्या बाई ओरडल्या, "भाऊ, पाणी नका टाकू! चिखल होईन!"

पिशवी फाटकाला अडकवून त्या सरळ आत आल्या. पदर खोचला, मॅट कुंपणावर टाकली आणि काठीनं अशी झोडपली की मातीचा लोट उठला. मधूनच ती साडीसारखी उन्हात धरून बघायच्या. आतून चक्क लाल रंग निघाला! गाडी सेकंडहँड घेतलेली. मी मॅट काळीच समजत होतो.

"पाह्यलं काय!" त्या हरखून म्हणाल्या. मीही काठी घेऊन भिडलो.

तेवढ्यात त्यांची दिग्रसची बस निघून गेली.

"चला, पुढच्या थांब्यावर गाठू!" मी भराभर गाडीत मॅट अंथरल्या. त्या चपला मांडीवर घेऊन बसल्या. मी किल्ली फिरवणार, तोच त्यांची नजर माझ्या पायांवर गेली.

"बस दुसरी येईन, भाऊ. आधी बूट काढा!"