मागून येणारं चित्र

टीव्हीवर गोल्फची मोठी स्पर्धा संपत आली होती. माझे दीर, दिनूभाऊजी, फोनवर अंदाजांचा बाजार उघडून बसले होते. तिथे शेअरसारखे खेळाडूंचे भाव चालतात. जिंकायची आशा वाढली की भाव चढतो. भाऊजींनी एका तरुण खेळाडूवर बरेच पैसे लावले होते.

शेवटचा फटका उरला होता. खेळाडू गवतावर उकिडवा बसून उतार निरखत होता. एवढ्यात भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"गेलं, वहिनी. भाव कोसळला. चुकला तो."

"अहो, त्याने अजून मारलाच नाहीये!"

"टीव्ही अर्धं मिनिट मागे असतो. मैदानावरच्या लोकांनी बघितलंसुद्धा, विकूनही टाकलं."

मी पडद्याकडे बघत राहिले. त्याचा फटका केव्हाच चुकला होता आणि चित्रातला तो अजून आशेवर होता. आमच्या ह्यांचा रिपोर्ट डॉक्टर वाचत होते, तेव्हा समोर मीही अशीच बसले असेन, पदर सारखा करत, हसतमुख.

तो उठला. त्याने पँटला हात पुसले. भाऊजींनी टीव्ही बंद करायला रिमोट उचलला.

"राहू द्या," मी जवळजवळ ओरडलेच. "त्याला अजून माहीत नाहीये."